नागमणीचा ‘आ’

“पुन्हा,” एस्तेरबाई म्हणाल्या.

नागमणीनं त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड उघडलं. तिचा एक तळवा बाईंच्या गळ्यावर होता, दुसरा स्वतःच्या. डोळे समोरच्या पेटीवर. तिच्या गळ्यातून ‘आ’ निघाला. बारीक होता, थोडा थरथरत होता, पण माझ्या कानाला तो ‘आ’च वाटला. पेटीवर ओळीनं दहा दिवे होते. त्यातला एकही लागला नाही.

“पुन्हा.”

आता तिनं जबडा आणखी ताणला, मान पुढे काढली. आवाज घशात कुठेतरी अडकला आणि ‘आ’चा भलताच काहीतरी ‘ॲ’ झाला. दिवे तसेच. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. पेटीची मालकीण मीच आहे अशी तिची समजूत होती, आणि दिवा न लागण्यात माझा काहीतरी हात असावा असा संशय तिच्या नजरेत होता.

मालकीण मी नव्हते. सोलापूरच्या पॉलिटेक्निकमध्ये मी प्रयोगशाळा सहायक होते, नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालेली. पेटी आमच्या अष्टपुत्रे सरांनी बनवली होती आणि बहिऱ्या मुलांच्या या शाळेला दिली होती. दर शनिवारी सकाळी येऊन तिची एखादी तार निघाली असेल तर जोडायची, बल्ब गेला असेल तर बदलायचा, एवढंच माझं काम. पण काम संपलं तरी माझा पाय निघायचा नाही. मी मागच्या बाकावर बसून एस्तेरबाईंचा वाचेचा तास बघायची.

परवा माझ्या नातवानं त्याचा फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, “आजी, काहीतरी बोल.” मी म्हटलं, “काय बोलू?” तर तेवढ्यावरच पडद्यावर रंगीत पट्ट्या नाचायला लागल्या. आवाजातले सगळे सूर सुटे करून दाखवतं म्हणे ते. फुकट मिळतं. आमच्या वेळी तेच काम करायला एक पेटी लागली होती, दोन माणसांना उचलावी लागेल इतकी जड, आणि तिच्यातली तांब्याच्या तारेची वेटोळी मी स्वतःच्या हातानं गुंडाळली होती.

कल्पना अशी होती. आपण ‘आ’ म्हणतो तेव्हा तो एकच एक सूर नसतो. तळाला एक सूर असतो, आणि त्याच्यावर त्याच्या दुपटीचा, तिपटीचा, चौपटीचा असे सूर चढत गेलेले असतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. त्यातल्या कुठल्या पायऱ्यांवर जोर आहे यावरून कान ओळखतो, हा ‘आ’, ही ‘ई’. पेटीत दहा फिल्टर होते. मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजातला आपल्या वाट्याचा तुकडा तेवढा प्रत्येक फिल्टर पुढे सोडी, बाकी सगळं अडवी, आणि त्या तुकड्यात दम असेल तर वरचा दिवा लागे. ‘आ’ म्हटलं की मधले दिवे लागत. ‘ऊ’ म्हटलं की डावीकडचे. ‘ई’ म्हटलं की डावीकडचा एक आणि एकदम उजव्या टोकाचे दोन. ज्याला ऐकू येत नाही त्याला निदान दिसावं.

“आज एवढं पुरे,” म्हणत एस्तेरबाईंनी नागमणीच्या गालावर थोपटलं आणि तिला बाकावर पाठवलं. तेवढ्यात दारात कोणीतरी खाकरलं.

नागमणीचे वडील होते, रामय्या गड्डम. यंत्रमागावर चादरी काढायचे. रात्रपाळी करून थेट आले असावेत, केसांत आणि भुवयांत कापसाची पिंज अडकली होती. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसासारखे ते गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत.

“नमस्कार बाई. पोरीला न्यायला आलो.”

“शाळा सुटायला अवकाश आहे, रामय्या.”

“आजचं न्हाई म्हणत मी. कायमचं न्यायला.”

एस्तेरबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. एस्तेर रणनवरे म्हणजे उंच, काटकुळ्या, पांढऱ्या सुती साडीतल्या बाई. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. “बसा आधी,” त्या म्हणाल्या.

“बसत न्हाई, झोप येईल. बाई, तुमच्याबद्दल काय तक्रार न्हाई माझी. पण दोन वर्सं झाली. घरी हिची आई बिड्या वळती, तिला पानं कापायला एक हात पायजेल. मला वाटलं होतं, पोरगी चार शब्द बोलंल, दुकानातनं सामान आणंल, उद्या सासरी कुणी काय विचारलं तर सांगंल. आता तुमची ही पेटी आली. पेटी म्हणती, हिला ‘आ’पण येत न्हाई.”

“पेटी काही म्हणत नाही. तिचा ‘आ’ निघतो. मला ऐकू येतो.”

“तुम्हाला समद्यांचंच ऐकू येतंय बाई.” ते हसून म्हणाले, पण बोलणं लागणारं होतं. “तुम्ही रोज ह्या पोरांत ऱ्हाता. त्यांनी नुसतं ‘हं’ केलं तरी तुम्हाला कळतंय, पोराला तहान लागली. दुकानदाराला कळायला पायजे की.”

एस्तेरबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “खरं आहे त्यांचं. आमचे कान मायेनं बिघडतात. म्हणून तर ही पेटी आली तेव्हा मला आनंद झाला होता. हिला माया नाही.”

शाळेच्या विश्वस्तांनाही ते पटलं होतं. वाचेच्या वर्गात जागा थोड्या होत्या. दिवाळीपर्यंत ज्यांचे दिवे लागतील त्यांनी त्या वर्गात राहायचं आणि बाकीच्यांनी हातकामाच्या वर्गात जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. अष्टपुत्रे सर पुढच्या शनिवारी येऊन शेवटची तपासणी करणार होते.

“शनिवारपर्यंत थांबा,” एस्तेरबाई म्हणाल्या. “दिवा नाही लागला तरी आपल्याकडे हातकामाचा वर्ग आहे.”

“तिथं काय शिकवता?”

“शिवण. विणकाम.”

“पद्मशाल्याच्या पोरीला तुम्ही विणायला शिकवणार?” रामय्या पुन्हा हसले. मग त्यांनी बाकावरच्या नागमणीकडे पाहिलं. ती माझ्या हत्यारांच्या पेटीतून तारेचे तुकडे काढून बांगड्या करत बसली होती. “बरं. शनिवारी दिवा लागला तर ऱ्हाऊ दे. न्हाई लागला तर मी नेनार, आणि तुम्ही पुन्हा काय बोलायचं न्हाई.”

“नाही बोलणार,” एस्तेरबाई म्हणाल्या.

सोमवारी मी सरांना गाठलं. सर ऑसिलोस्कोपसमोर वाकून बसले होते.

“सर, शाळेत एका मुलीचा दिवा लागत नाही.”

“मुलीचा की पेटीचा?”

“तिच्या ‘आ’ला लागत नाही. बाकीच्यांचे लागतात. मोठ्या मुलांचे तर लगेच लागतात. लहानांचे कधी लागतात, कधी नाही. हिचा कधीच नाही. पण मला ऐकताना तो ‘आ’ वाटतो.”

“कान फसतो, हंचाटे. तुम्हाला वाटलं आणि एस्तेरबाईंना वाटलं म्हणून चालत असतं तर मी वर्षभर कशाला घालवलं असतं?” सर रागावले नव्हते. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. त्यांनी पेटीची जुळी बहीण, म्हणजे प्रयोगशाळेत ठेवलेला पहिला नमुना, टेबलावर ओढला आणि तिला एकेक सुटा सूर काढणारा सिग्नल जनरेटर लावला. “हे बघा.” त्यांनी बटण हळूहळू फिरवलं. पाचवा दिवा एकदम लागला आणि बटण केसभर पुढे सरकताच विझला. “सुरीनं कापल्यासारखा. असा धारदार फिल्टर तुम्हाला पुण्यातसुद्धा बघायला मिळायचा नाही.”

ते खरंच होतं. त्या धारेसाठी सरांनी मला प्रत्येक वेटोळं चार-चार वेळा उलगडून पुन्हा गुंडाळायला लावलं होतं. फिल्टर जितका धारदार तितका चांगला, हे आमच्या विभागात कोणी कोणाला सांगावं लागत नसे. परीक्षेत त्यालाच मार्क मिळत.

“दस्तगीर,” सरांनी हाक मारली. आमचा शिपाई दस्तगीर पान चघळत आत आला. “‘आ’ म्हण.”

“पान आहे तोंडात, सर.”

“असू दे.”

दस्तगीरनं मान वर करून, पान एका गालात लोटून, ‘आ’ केला. मधले तिन्ही दिवे लखकन लागले.

“बघा,” सर म्हणाले. “तोंडात पान असून ओळखते. तिच्यात खोट असती तर दस्तगीरच्या बाबतीत आधी चुकली असती.”

“माझ्या आवाजात खोटच नाही, सर,” दस्तगीर म्हणाला आणि पिंक टाकायला बाहेर पळाला.

पेटी तयार होत होती तेव्हाही असंच चालायचं. सर ‘आ’ म्हणत, लेक्चरर जोशी म्हणत, दस्तगीर म्हणे, आणि मी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिल्टर जुळवत असे. मला कोणी म्हण म्हटलं नाही आणि मलाही म्हणावंसं वाटलं नाही. माझे हात कामात होते.

शनिवार उजाडला. ऑक्टोबरमधलं सोलापूरचं ऊन, वर्गात पंखा नाही. सर कोट घालून आले होते. बाकीच्या मुलांची तपासणी आधीच झाली होती. ज्यांची नावं ठरायची ती ठरली, आणि मुलं पटांगणात पळाली. वर्गात नागमणी राहिली, एस्तेरबाई, सर, मी, आणि दाराशी उभे रामय्या. त्यांची दुपारची पाळी होती, त्यामुळे आज अंघोळ करून, तेल लावून आले होते.

सरांची एक लकब होती. मुलाला करायला सांगण्याआधी ते स्वतः करून दाखवत. दोन्ही हात मागे बांधत, पोट पुढे काढत, हनुवटी गळ्यात रुतवत आणि भरदार आवाजात ‘आ’ म्हणत. मधले दिवे झगझगले. “हं,” म्हणून ते बाजूला झाले.

नागमणीनं मायक्रोफोनसमोर तोंड नेलं. मागच्या आठवड्यातला तिचा ‘आ’ मला बरा वाटला होता. आजचा त्याहून वाईट होता. आठवडाभर दिवा लागावा म्हणून तिनं तोंड वाकडंतिकडं, लांब, रुंद, सगळं करून पाहिलं होतं आणि जे बरोबर होतं ते तिच्या हातून निसटत चाललं होतं. एस्तेरबाईंना ते माझ्याआधी कळलं. त्यांनी तिच्या हनुवटीला हात लावून जबडा सैल केला, छातीवर तळवा ठेवून नुसतं श्वास घ्यायला लावलं. मग तिनं म्हटलं. स्वच्छ ‘आ’. मी शपथेवर सांगितलं असतं.

दिवे गप्प.

“आणखी एकदा,” सर म्हणाले.

पुन्हा गप्प. सरांनी मान हलवली. त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. “एस्तेरबाई, मला तरी काही करता येण्यासारखं नाही.”

रामय्यांनी खिडकीतली नागमणीची पाण्याची बाटली उचलली. ते बघून एस्तेरबाई त्यांच्याजवळ गेल्या, आणि सर त्यांच्या मागे. दाराशी तिघांचं हळू आवाजात काहीतरी सुरू झालं. रामय्या म्हणत होते, “ठरलं होतं बाई. तुम्ही बोलायचं न्हाई म्हणाला होता.” एस्तेरबाई म्हणत होत्या, “मी बोलत नाही. तिची पुस्तकं बांधून देते, तेवढं थांबा.”

मी पेटीजवळ होते. पेटी बंद करायची म्हणून हात पुढे केला, तर नागमणी मध्ये येऊन उभी राहिली. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, सरांची पाठ होती. मग तिनं दोन्ही हात मागे बांधले, पोट पुढे काढलं, हनुवटी गळ्यात रुतवली, गाल फुगवले. हुबेहूब सर. मला हसू आवरेना. आणि त्याच तोऱ्यात तिनं घशातून खरखरीत, ओढूनताणून जाडा केलेला ‘आ’ काढला, म्हाताऱ्या बैलासारखा.

दिवे लागले.

ती दचकून मागे सरली. मीही. मग तिनं पुन्हा हात मागे बांधले, हनुवटी रुतवली, पुन्हा तो बैल काढला. पुन्हा दिवे. ती टाळ्या वाजवायला लागली, आणि त्या आवाजानं दाराशी उभी असलेली माणसं वळली.

“सर,” मी म्हटलं, “हे बघा.”

मी तिला खूण केली. तिनं सरांच्या देखत सरांची नक्कल करायला जरा आढेवेढे घेतले, मग केली. रामय्या खो-खो हसले. एस्तेरबाईंनी पदर तोंडाला लावला. सर मात्र दिव्यांकडे बघत होते.

“हा काही ‘आ’ नाही,” ते म्हणाले. “हा घशातला घरघराट आहे. पण... पुन्हा म्हणायला सांगा तिला.”

तिनं म्हटलं. दिवे लागले.

“आता तिच्या नेहमीच्या आवाजात.”

दिवे विझलेले.

सर खुर्चीवर बसले. कोट काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला. “हंचाटे, तुम्ही म्हणा.”

“मी?”

“तुम्ही. ‘आ’.”

वर्षभर त्या पेटीजवळ बसूनही मी तिच्यात एक अक्षर बोलले नव्हते. मी मायक्रोफोनजवळ वाकले आणि म्हटलं. एक दिवा लागला, शेजारचा मिणमिणला, तिसरा नाहीच.

“आवाज हळूहळू वर न्या. गाताना नेतात तसा. तोंड हलवू नका, ‘आ’ तोच ठेवा.”

मला गाणं येत नाही. पण मी ‘आ’ धरून सूर वर ढकलत नेला आणि बघता बघता लागलेला दिवा विझला, मिणमिणणारा लागला, मग तोही गेला, मग काहीच नाही, मग पुन्हा पहिला. माझं तोंड तसंच होतं. एस्तेरबाई म्हणाल्या, “‘आ’ तर एकच होता.”

“हो,” सर म्हणाले. “‘आ’ एकच होता.” मग त्यांनी फळ्यावरचा खडू घेतला आणि एक शिडी काढली, जवळजवळ पायऱ्यांची. तिच्या शेजारी भिंत काढली, भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर अरुंद फटी. “ही माझी शिडी. माझा आवाज जाड, त्यामुळे पायऱ्या जवळजवळ. कुठल्याही फटीसमोर एखादी पायरी येतेच. दस्तगीरची तशीच. जोश्यांची तशीच.” मग त्यांनी दुसरी शिडी काढली, लांब लांब पायऱ्यांची. “ही हिची. आवाज बारीक, पायऱ्या दूर. फट आहे तिथे पायरी नाही, पायरी आहे तिथे भिंत. तिचा ‘आ’ बरोबर असला तरी पेटीला दिसणारच नाही. घरघर केली की पायऱ्या दाटतात.” त्यांनी खडू ठेवला आणि हात झटकले. “फटी मी अरुंद केल्या. जितक्या जमल्या तितक्या अरुंद.”

“म्हणजे पोरीला येतंय का?” रामय्यांनी विचारलं.

“ते अजून मला माहीत नाही,” सर म्हणाले. “पेटीलाही माहीत नव्हतं, एवढं कळलं. तुम्ही थांबू शकता का?”

“मला पाळी हाय.”

“तासाभराचं काम.”

रामय्यांनी हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. मग बूच काढून स्वतःच घटाघट पाणी प्यायले आणि बाकावर बसले. बाक लहान मुलांचा होता, त्यांचे गुडघे छातीला लागत होते.

मी सोल्डरिंग आयर्न तापवलं. प्रत्येक वेटोळ्याला एक रेझिस्टर जोडायचा होता. तो जोडला की फिल्टरची धार जाते, फट रुंद होते. माझ्या डब्यात सारख्या किमतीचे पुरेसे नव्हते, म्हणून काही ठिकाणी दोन दोन जोडून भागवावं लागलं. सर एकेक सांगत होते आणि मी डाग देत होते. राळेच्या वासानं वर्ग भरला. नागमणी टेबलाला हनुवटी टेकवून बघत होती. पाचव्या फिल्टरशी आल्यावर सर थांबले.

“हा किती वेळा गुंडाळला होता तुम्ही?”

“तुम्ही सांगाल तितक्या वेळा, सर.”

“हं.” ते हसले. “करा बोथट.”

सगळं जोडून झाल्यावर दिवे मंद दिसायला लागले, म्हणून ॲम्प्लिफायरचा जोर वाढवला. मग माझ्या ‘आ’वर सगळं पुन्हा जुळवलं. मी सूर वर नेला, खाली नेला, दिवे जागचे हलले नाहीत. या वेळी मी म्हणत होते आणि स्क्रू ड्रायव्हर सरांच्या हातात होता.

“आता तिला बोलवा,” सर म्हणाले. या खेपेला त्यांनी करून दाखवलं नाही.

नागमणी मायक्रोफोनसमोर आली आणि लगेच हात मागे बांधून हनुवटी गळ्यात रुतवली. एस्तेरबाईंनी तिचे हात सोडवले. हनुवटी वर उचलली. तिला ते पटलं नाही, एवढी युक्ती सापडल्यावर कोणाला पटेल. त्यांनी तिचा एक तळवा आपल्या गळ्यावर ठेवला, एक तिच्या स्वतःच्या गळ्यावर, आणि वाट बघत राहिल्या. शेवटी तिनं सुस्कारा सोडला आणि म्हटलं, तिच्या आवाजात, बारीक, थरथरता.

मधले दिवे लागले. सरांचे लागायचे त्यापेक्षा एक घर उजवीकडे.

“लहान तोंड,” सर पुटपुटले. “थोडं वर जाणारच. बरोबर आहे. अगदी बरोबर आहे.”

तिनं ‘ऊ’ म्हटला, डावीकडचे लागले. ‘ई’ला डावीकडचा एक लागला आणि उजव्या टोकाला एक अंधूक. मग पुन्हा ‘आ’. मग कोणी न सांगता ‘आ’ आणि ‘ऊ’ आळीपाळीनं, पाळण्यासारखे, एकदा इकडचे दिवे आणि एकदा तिकडचे. सर विसरून कोट न घालताच उभे राहिले होते. मी रामय्यांकडे पाहिलं. ते अजून बाकावरच होते.

“दिवा लागला की,” एस्तेरबाई त्यांना म्हणाल्या.

“लागला,” ते म्हणाले. “पर बाई, दिवाच लागला ना. मला वाटलं होतं, कायतरी वेगळं वाटंल.”

एस्तेरबाईंनी थोडा विचार केला. “इकडे या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बोला यात.”

“मी काय बोलू? मी थोडाच बहिरा हाय.”

“तिचं नाव घ्या.”

रामय्या उठून आले. मायक्रोफोनजवळ वाकले, मग सरळ झाले. “बाई, नावानं हाक मारायची सवयच न्हाई ऱ्हायली. घरात कुनीच मारत न्हाई. तिला ऐकू येत न्हाई तर कशाला म्हणून. खांद्याला हात लावतो. न्हाई तर पाय आपटतो, तिला फरशीतनं कळतंय.”

“आज मारा.”

त्यांनी घसा साफ केला. मागावर शेजारच्याशी बोलायला ज्याला ओरडावं लागतं त्या माणसानं इतक्या हळू आवाजात म्हटलं की आधी काहीच लागलं नाही. “मोठ्यानं,” एस्तेरबाई म्हणाल्या.

“नागमणी.”

मधले दिवे उजळले, डावीकडे झुकले, क्षणभर मंदावले आणि शेवटी एकदम उजव्या टोकाला जाऊन भिडले. एका जागी लागणारे दिवे नागमणीनं पाहिले होते. असे पळणारे नव्हते पाहिले. तिनं वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं, मग दिव्यांकडे. बोट दिव्यांकडे करून ते तिनं स्वतःच्या छातीवर टेकवलं. मी?

रामय्यांनी मान हलवली.

तिनं त्यांचा सदरा ओढला. पुन्हा.

“नागमणी,” ते म्हणाले. दिवे पळाले. तिनं पुन्हा सदरा ओढला. ते पुन्हा म्हणाले. मग तिनं त्यांना कोपरानं बाजूला सारलं, मायक्रोफोनला जवळजवळ ओठ लावले आणि तीन तुकड्यांत म्हटलं, “आ... आ... ई.” रस्त्यावर कोणी ऐकलं असतं तर तिला काय म्हणायचंय ते कळलं नसतं. दिवे मात्र मधून निघाले आणि अडखळत का होईना, उजव्या टोकाला पोचले.

रामय्या तेलुगूत स्वतःशीच काहीतरी म्हणाले. मग एस्तेरबाईंनी बांधून ठेवलेलं पुस्तकांचं गाठोडं त्यांनी उचललं, पाहिलं आणि परत बाकावर ठेवलं.

“सोमवारपास्नं तीच येळ ना बाई?”

“तीच,” एस्तेरबाई म्हणाल्या. “आणि रामय्या, घरीसुद्धा तिला नावानं हाक मारा. ऐकू येत नसलं तरी तोंड दिसतं तिला.”

ते ‘बरं’ म्हणाले आणि नागमणीला घेऊन घाईनं निघाले, पाळीला उशीर झाला होता. मी सोल्डरिंग आयर्न निवायला खिडकीत ठेवत होते, तेव्हा ते दोघं पटांगण ओलांडताना दिसले. नागमणी चालता चालता मागे राहिली, तिचं लक्ष खेळणाऱ्या मुलांकडे गेलं होतं. रामय्या फाटकापर्यंत गेले, वळले आणि तिथूनच मोठ्यानं ओरडले, “नागमणी.” तिची पाठ होती. ती खेळ बघत राहिली.

त्यांचा पाय आपटायला उचलला गेला होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला. मग ते परत आले, वळसा घालून तिच्या समोर गेले, तिच्या उंचीला वाकले आणि पुन्हा म्हणाले.